दाजी शेवटी बोलतात

दाजींच्या नाकाचा दरारा असा होता, की दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावणारे दातांचे डॉक्टरसुद्धा बियरचा घोट घेतला की आधी दाजींच्या तोंडाकडे बघायचे.

खरं सांगायचं तर कचेरीत दाजींना कुत्रं विचारत नव्हतं. विमा कंपनीत बसून ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि कुणाचं किती नुकसान झालं ते ठरवायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या हाताखाली शिकलेली दोन पोरं त्यांच्याच डोक्यावर साहेब होऊन बसली आणि दाजी मात्र त्याच खिडकीपाशी, त्याच डुगडुगत्या खुर्चीत. पण रविवारी दुपारी, स्वतःच्या घरी, जेवणाच्या टेबलाच्या टोकाला बसले की दाजी म्हणजे दाजी! पेला तिरका धरायचे, डोळे मिटायचे, नाक आत घालायचे आणि असे गप्प व्हायचे की बाकीचे श्वास रोखून बसायचे. मग म्हणायचे, "मध घातलाय. आणि तोही जुना." बाटलीवर गुंडाळलेला कागद सोडवून बघावं तर खरंच मध! माणसाला जन्मात एक गोष्ट धड जमावी, ती दाजींना जमली होती. त्या एका गोष्टीवर त्यांची मान ताठ होती.

बैठकीला माणसं मोजकीच. खालच्या मजल्यावरचे ते दातांचे डॉक्टर. समोरच्या घरातल्या भूगोलाच्या बाई, निवृत्त झालेल्या, पण कुणी काही चुकीचं बोललं की अजून भुवई वर करणाऱ्या. आणि दाजींचा धाकटा मेहुणा, बारक्या. बारक्या आपला नावाला. दारात उभा राहिला की घरात अंधार पडायचा. डॉक्टर आणि बाई कुठल्या ना कुठल्या छोट्या ब्रुअरीच्या बाटल्या शोधून आणायचे, बारक्या आपल्या न्हाणीघरात स्वतः बनवलेली आणायचा. सगळ्या बाटल्या आधी स्वयंपाकघरात. तिथे बारक्याची ताई, म्हणजे दाजींची बायको, बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळायची आणि कुठल्या पेल्यात काय आहे ते कुणाला कळू न देता पेले भरून बाहेर आणायची. ती स्वतः घोटभरही घ्यायची नाही. "मला घरात एक कडू आहे तेवढं पुरे," असं म्हणायची आणि दाजींकडे बघायची. सगळे हसायचे. दाजीसुद्धा हसायचे.

गुण दहापैकी, आणि बोलायचा क्रम ठरलेला. सगळ्यात लहान असेल त्याने आधी, मग चढत्या वयाने, आणि दाजींनी सगळ्यांच्या शेवटी. हा नियम दाजींनीच केला होता, आणि बरं का, चांगल्या मनाने केला होता. सुरुवातीला ते आधी बोलायचे आणि बाकीची मेंढरं त्यांच्या मागे. दाजींचे सात, की सगळ्यांचे सात. "अरे, स्वतःची जीभ आहे की भाड्याने आणलीय?" असं एकदा दाजी कडाडले आणि त्या दिवसापासून ते शेवटी बोलायला लागले. एकदा दिलेले गुण मागे घ्यायचे नाहीत, हेही त्यांचंच. थुंकलेलं चाटायचं नाही, असं ते म्हणायचे.

मग दाजींना ताप आला. आठवडाभर अंथरुणात पडले, नाक चोंदलं, डोकं जड झालं. ताप उतरला, नाक मोकळं झालं, वास मात्र परत आला नाही. अंगाचा साबण, ओला टॉवेल, बायकोच्या केसांचं तेल, सगळं एकजात कोरं. काचेला नाक लावून उभं राहावं तसं. ते गुपचूप नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. "येईल कदाचित," ते म्हणाले, "कदाचित नाहीही येणार. वाट बघा." किती दिवस, असं दाजींनी विचारलं तेव्हा ते पुढच्या पेशंटला हाक मारायला लागले होते.

जीभ तेवढी शाबूत होती. कडू कळायचं, गोड कळायचं, आंबट कळायचं. पण बियरमध्ये जिभेचं काम चार आणे आणि नाकाचं बारा आणे, हे दाजींनीच सगळ्यांना घोकून घोकून शिकवलं होतं. आता हरएक बियर त्यांना एकसारखीच लागायची, औषधाच्या काढ्यासारखी.

सांगायचं ना मग सरळ! माणसं काही परकी नव्हती. पण नाही सांगितलं. डॉक्टरांना नाही, बाईंना नाही, बायकोलासुद्धा नाही. नाक गेलं म्हटल्यावर टेबलाच्या टोकाला बसलेल्या माणसात काय उरत होतं? विम्याचा कारकून. तो तर आठवडाभर असायचाच, रविवारीही तोच व्हायचं दाजींच्या जिवावर आलं.

आणि नियम मदतीला धावून आला. शेवटी बोलायचं असल्यामुळे आधी सगळ्यांचं ऐकायला मिळायचं. बारक्या म्हणायचा, "संत्रं वाटतंय." डॉक्टर म्हणायचे, "संत्र्याची साल." बाई म्हणायच्या, "थोडी मिरीही आहे." मग दाजी डोळे मिटायचे, कोऱ्या पेल्यात नाक घालायचे, आणि सावकाश म्हणायचे, "साल नाही. सालीच्या आतला पांढरा भाग. मिरी आहे, पण ती मागून येते." वा! क्या बात है! कुणी सात दिले, कुणी साडेसात, तर दाजींचे सव्वासात. पहिले काही रविवार चोराच्या मनात चांदणं. पुढे हात सराईत झाला. गंमत अशी, की नाक होतं तेव्हा मिळाली नव्हती एवढी वाहवा आता मिळायला लागली. कारण नाक असलेले दाजी लोकांना खोडून काढायचे, आणि बिननाकाचे दाजी प्रत्येकाला थोडं थोडं बरोबर ठरवायचे.

याच सुमाराला बारक्याने छापखान्यातली मशीनवरची नोकरी सोडली. दाजींना वास येत होता त्या काळात त्यांनीच एकदा त्याचा पेला खाली ठेवून म्हटलं होतं, "हे न्हाणीघरात कोंडून ठेवायचं काम नाही." ते वाक्य बारक्याने उराशी धरलं. शहराबाहेर एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली, जुन्या टाक्या आणल्या, स्वतः घासल्या, आणि पहिला मोठा माल काढला. एक हॉटेलवाला तो घ्यायला तयार होता. हा माल त्याच्या पसंतीला उतरला तर वर्षभराचं काम पक्कं, नाही तर शेड गेली आणि बारक्याला परत छापखान्याच्या दारात जाऊन नाक घासावं लागणार.

मंगळवारी संध्याकाळी तो बाटली घेऊन आला. एकटाच. ताई भाजीला गेली होती.

"रविवारी बघू की," दाजी म्हणाले. "सगळे असतात तेव्हा मजा येते."

"रविवार कुठला, दाजी! उद्या सकाळी माल पाठवायचा की नाही ते ठरवायचंय. एक छोटं पिंप त्याने कालच नेलंय, आपल्या माणसांना चाखवायला." बारक्याने स्वतःच पेला आणला, ओतला, पुढे सरकवला. "डॉक्टर आणि बाई रविवारपुरते ठीक. हा पोटाचा प्रश्न आहे."

"तू आधी बोल. तू लहान."

"माझं नाक बसलंय, दाजी. किती दिवस त्याच वासात झोपतोय, जेवतोय. मला काहीच कळेनासं झालंय. म्हणून तर तुमच्याकडे आलो."

बारक्या, माझंही नाक बसलंय. एवढंच म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं, आणि तेवढ्यात बारक्या म्हणाला, "तुम्ही पाठीशी आहात म्हणून उडी मारली मी, नाहीतर माझी काय छाती होती?" झालं. ओठांवरचं पोटात गेलं.

दाजींनी पेला उचलला. रंग छान होता. फेस दाट होता. वास घेतला, काच. घोट घेतला, कडू. दुसरा घोट घेतला, कडूच. त्यांनी पापण्यांच्या फटीतून बारक्याकडे पाहिलं. तो ओठ चावत होता, कपाळावर आठ्या, हात एकमेकांत घट्ट. भ्यायलेला माणूस असाच दिसतो, हे कुणालाही कळलं असतं. पण दाजींना दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरून बियर ओळखायची सवय लागली होती ना! त्यांनी त्या आठ्या वाचल्या आणि ठरवलं, की याला काहीतरी खटकलंय.

आणि मनात दुसरा हिशोबही चालू होताच. चांगली म्हटलं आणि वाईट निघाली, तर गावभर आपलं नाक कापलं जाणार. वाईट म्हटलं तर? मग ती कुणी पिणारच नाही. खोट काढणारा कधी उघडा पडत नाही, कौतुक करणारा पडतो.

"ओला पुठ्ठा," दाजी म्हणाले.

"काय?"

"ओल्या पुठ्ठ्याचा वास. हलका आहे, पण आहे. हवा शिरलीय कुठेतरी."

बारक्या खुर्चीत मागे कोसळला. "नळीच्या जोडाला थोडी गळती होती... मी लगेच आवळली होती... मला वाटलंच होतं, दाजी. वाटलंच होतं!" काहीही वाटलं नव्हतं त्याला. पण भीती पोटात असली की माणूस स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देतो.

"ठेवल्यावर सुधारेल?"

"वाढेल." आता दाजींचा आवाज लागला होता, रविवारसारखा. "विकू नकोस. पहिल्याच मालाला नाव गेलं, की गेलं."

बारक्याने त्यांचे दोन्ही हात धरले. "वाचवलंत, दाजी," तो म्हणाला. आणि दाजींना, काय सांगावं, बरं वाटलं. खरोखर कुणाला तरी वाचवल्यासारखं वाटलं.

बुधवारी सकाळी बारक्याने टाक्यांचे नळ सोडले आणि सगळा माल गटारात घातला. ताईला फोन करून तो रडला. रात्री जेवताना ताईने सांगितलं, "गटारावर फेस कितीतरी वेळ उभा होता म्हणे. येणारीजाणारी माणसं थांबून बघत होती." दाजी ताटात बोटं फिरवत राहिले. चांगली असली तर, हा विचार त्यांना तेव्हा पहिल्यांदा आला आणि हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला. पण आता काय करणार? गटारातून का परत भरायची होती!

गुरुवारी हॉटेलवाल्याचा फोन आला. बुधवारी उघडलेलं छोटं पिंप पहिल्या संध्याकाळीच जवळजवळ संपलं होतं, गिऱ्हाइकं पुन्हा मागत होती, सगळा माल ताबडतोब पाठव. बारक्याने सांगितलं, माल नाही. असं कसं नाही? ओतून टाकला. हॉटेलवाल्याला वाटलं पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्याला आठवड्याच्या शेवटी भरलेली पिंपं हवी होती, त्याने दुसऱ्याशी वर्षाचा करार करून टाकला.

बारक्याला समजेना की खरं कुणाचं. हॉटेलवाला धंदेवाला, त्याला काय कळतंय; आणि दाजींचं नाक तर चुकत नाही. शेवटी तो हॉटेलात गेला, पिंपाच्या तळाशी राहिलेलं एका बाटलीत भरून घेतलं आणि रविवारी ताईच्या हातात दिलं. "यातली सगळ्यांना दे," तो म्हणाला, "कुणाला सांगू नकोस." दाजींना अडकवायचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं, आणि सगळे पुठ्ठा म्हणाले असते तर तो सुखाने घरी गेला असता.

ताईने पेले आणले. बारक्या म्हणाला, "मी आज पास."

डॉक्टरांनी घोट घेतला आणि पेला डोळ्यांसमोर धरला. "अरे वा! ताजं कापलेलं गवत. मागे मध. नऊ."

बाईंनी दोन घोट घेतले, भुवई वर गेली आणि तिथेच राहिली. "मी शाळेतसुद्धा कुणाला नऊ दिले नाहीत," त्या म्हणाल्या. "याला देते."

दाजींनी डोळे मिटले. पेल्यात नाक घातलं. सगळे थांबले.

"गवत आहे, पण ताजं नाही," ते म्हणाले. "कापल्यावर दुसऱ्या दिवशी उन्हात येतो, तो वास. साडेनऊ. कुणाची आहे ही? या माणसाने आयुष्यात दुसरं काही करूच नये."

"माझी आहे, दाजी," बारक्या म्हणाला. "मंगळवारची."

दाजींना आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि हातातला पेला कुठे ठेवावा ते कळेना.

"हॉटेलवाल्याकडे उरली होती. तीच ही. पुठ्ठा." बारक्या ओरडत नव्हता, ओरडला असता तर बरं झालं असतं. "का म्हणालात तसं? एकच कारण सुचतंय मला, दाजी, आणि ते तोंडातून बाहेर पडत नाही. तुम्ही मला पोरासारखं वाढवलंत."

स्वयंपाकघराच्या दारात ताई रिकामा ट्रे घेऊन उभी होती. "त्यांना वास येत नाही, बारक्या," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"ताप आला होता तेव्हापासून. हे बोलले नाहीत म्हणून मीही बोलले नाही. मागच्या महिन्यात मी दुपारी आत पडले होते. शेगडी विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. वासाने मला जाग आली, धावत येऊन बंद केला, खिडक्या उघडल्या. हे इथेच बसले होते, याच खुर्चीत, शब्दकोडं सोडवत. मान वर करून मलाच म्हणाले, 'खिडक्या कशाला उघडल्यास, कागद उडतायत.' तेव्हा कळलं मला. त्यांनी मुद्दाम नाही रे केलं काही."

बारक्याचा चेहरा बघता बघता सैल झाला. "खरंच, दाजी?" तो म्हणाला. त्याला ते खरं असायला हवं होतं, अगदी हवं होतं. दाजींनी नुसती मान हलवली असती तरी तो उठून गळ्यात पडला असता.

"अहो, सांगायचं नाही का!" डॉक्टर म्हणाले. दात काढावा लागेल हे पेशंटला सांगताना ते जो मऊ आवाज लावायचे, तो लावून.

तेवढ्यात बाईंना काहीतरी आठवलं. "म्हणजे मग," त्या म्हणाल्या, "तो सालीच्या आतला पांढरा भाग...?" आणि त्यांनी ओठांवर रुमाल धरला. डॉक्टर खोकले. तो खोकला नव्हता, हे बहिऱ्यालाही कळलं असतं.

दाजी ताडकन उभे राहिले. "काही झालेलं नाही माझ्या नाकाला! ठणठणीत आहे!"

"अहो, पण..." ताई म्हणाली.

"तू गप्प बस! मंगळवारी पहिल्या घोटातच कळलं होतं मला. चांगली होती. फार चांगली होती!"

"मग?" बारक्याने विचारलं.

"मग काय मग! काल न्हाणीघरात बादल्या ढवळणारं पोर, आज हॉटेलवाले त्याच्या दारात. आणि मी मरेपर्यंत ठोकलेल्या गाड्या बघायच्या. नाही बघवलं मला. झालं समाधान?"

खोटं रचायला माणसाला थोडा तरी वेळ लागतो. दाजींना लागला नाही. सगळं तयार असल्यासारखं भराभर बाहेर आलं, आणि ते ऐकून सगळ्यात जास्त दचकले ते दाजीच. पण बाईंचा रुमाल खाली आला होता. डॉक्टरांचा मऊ आवाज बंद झाला होता. त्यांची कीव करणारं आता त्या खोलीत कुणी नव्हतं, आणि क्षणभर दाजींना सुटल्यासारखं वाटलं.

बारक्या उठला. त्याने खुर्ची नीट आत सरकवली, पिशवी उचलली.

"अहो," ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "मग त्या दुपारी?"

"कुठल्या?"

"गॅसच्या. मी आत झोपले होते. तेव्हा येत होता तुम्हाला वास?"

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे, बाईंकडे, दारापाशी थांबलेल्या बारक्याकडे. नाही, एवढा एकच शब्द. पण तो उच्चारला की बाईंचा रुमाल परत वर जाणार, डॉक्टर परत खोकणार, सगळे रविवार एकेक करून काढले जाणार आणि प्रत्येकावर हसलं जाणार. सगळे त्यांच्या बोलण्याची वाट बघत होते.

"येत होता," दाजी म्हणाले.

ताईने ट्रे टेबलावर ठेवला. पदराला हात पुसले, एकदा, आणि पुन्हा एकदा.

"बारक्या, जरा थांब," ती म्हणाली. "मी येते तुझ्याबरोबर."